समुद्र, चार दहा ते चार बावीस

शाळेचं वेळापत्रक बनवणाऱ्या माणसाने घरच्यांची सहल आखू नये, असा नियम कुठेही लिहिलेला नाही. असता तर मी तो सुबक अक्षरात लिहून शिक्षकदालनात लावला असता, कारण नियम लिहून भिंतीवर लावायचं कामही शाळेत माझ्याकडेच आहे.

मी गणित शिकवतो. पण गणित काय, कोणीही शिकवतं. माझी खरी ओळख वेळापत्रकाची. अठ्ठावीस वर्ग, एकतीस शिक्षक, एक प्रयोगशाळा आणि नकाशांचं एकुलतं एक कपाट एवढ्या सामग्रीवर मी गेली बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक बसवतो आहे. दोन शिक्षक एकाच वर्गाच्या दारात समोरासमोर आले, असं या काळात एकदाही झालेलं नाही. आणि मोकळा तास तर माझ्या वेळापत्रकात शोधून सापडायचा नाही. शिक्षकाला मोकळा तास दिला की तो चहा पितो, चहा प्यायला की बोलतो आणि बोलायला लागला की तो दुसऱ्याही शिक्षकाला बिघडवतो, असं माझं मत आहे. त्यामुळे रिकामी चौकट दिसली की माझा हात आपोआप तिच्याकडे जातो. हा गुण आहे असं मी परवापरवापर्यंत समजत होतो.

तर सहल. सहलीची मागणी बायकोची. ती वीज कार्यालयात तक्रार खिडकीवर बसते. एकोणीस वर्षं झाली. वीज का गेली, कधी येणार, आमचीच का गेली, समोरच्यांची का नाही गेली, हे प्रश्न ती सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच ऐकते, आणि घरी आल्यावर मी विचारतो, माझा चष्मा कुठे आहे. एका रविवारी चष्मा शोधून देता देता ती म्हणाली, "अहो, मला समुद्र बघायचाय."

"पाहिला आहेस की तू. लहानपणी."

"बसच्या खिडकीतून. तोही पलीकडे बसलेल्या माणसाच्या डोक्याआडून. त्या माणसाची टोपी माझ्या अजून लक्षात आहे, समुद्र नाही." मग म्हणाली, "मला एक अख्खी संध्याकाळ किनाऱ्यावर बसायचंय. काही न करता. दिवसभर सगळे मला काही ना काही विचारत असतात हो. मला समोर असं काहीतरी हवंय, जे मला काहीच विचारणार नाही."

मागणी रास्त होती. मी लगेच उत्तरपत्रिकेची एक कोरी पुरवणी घेतली आणि आठ मिनिटांत सहल आखली. पहिला दिवस, जाणे. दुसरा दिवस, समुद्र. तिसरा दिवस, समुद्र. चौथा दिवस, येणे. गाव लहानसं होतं, थेट बस होती, किनाऱ्यालगत राहण्याची एक साधी जागा होती. बायकोने कागद वाचला, "झालं तर मग" म्हणाली आणि तो घडी करून पर्समध्ये ठेवला. इथे मी पेन बंद करायला हवं होतं. जगातले बरेचसे अनर्थ पेन वेळेवर बंद न केल्यामुळे झाले असावेत.

रात्री अंथरुणावर पडलो तरी त्या दोन समुद्रांनी मला झोप येऊ दिली नाही. दोन दिवस. म्हणजे छत्तीस तास, आमच्या शाळेच्या चाळीस-चाळीस मिनिटांच्या हिशेबाने, आणि सगळेच्या सगळे मोकळे! सकाळी उठून मी दुसरा कागद घेतला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे तिथवरकाका वर्तमानपत्र मागायला आले.

तिथवरकाकांचं खरं नाव इमारतीतल्या पाटीवर आहे, पण ते कोणी वापरत नाही. निवृत्त झाल्यापासून त्यांनी पुष्कळ प्रवास केला आहे, आणि केला नाही तो दुसऱ्यांना करायला लावला आहे. त्यांची पद्धत एकच. तुम्ही कुठेही निघालात की ते म्हणतात, "तिथवर जाताच आहात तर..." मागे एकदा मी कोपऱ्यावर टाचण्या आणायला निघालो होतो, तर दीड तासाने मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक जुनी विहीर बघत उभा होतो.

"तिथवर जाताच आहात तर," काका माझ्या कागदावर वाकून म्हणाले, "वाटेत हे मोठं शहर लागतं. तिथलं वस्तुसंग्रहालय बघितल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे... आता काय म्हणू!"

"पण बस थेट आहे, काका."

"थेट बसने कोण जातं? ज्यांना काही बघायचं नसतं ते."

मला हे लागलं. मी मोठं शहर कागदावर घेतलं. मोठं शहर घेतल्यावर त्याच्यापुढची आणखी दोन शहरं अवघ्या पन्नास-पन्नास मिनिटांवर आली, आणि तिथून किनाऱ्याकडे उतरायला दोन रस्ते निघाले. दोन्ही रस्त्यांवर एकेक बंदर होतं. एका बंदरात जुना किल्ला होता आणि दुसऱ्यात तो किल्ला बघून आलेले लोक जिथे जेवतात ती जागा होती. काका चहा संपवून उठले तेव्हा कागदावर तीन शहरं आणि तीन किनारे झाले होते, आणि माझं वर्तमानपत्र काकांच्या काखेत होतं.

बातमी जिन्यातून खाली उतरली. समोरच्या वहिनी दुपारी आल्या त्या हातात टेबलफॅन घेऊनच.

"भावजी, तुम्ही त्या बाजूला जाताय म्हणे. माझी धाकटी बहीण तिकडेच असते. तुमच्या दुसऱ्या बंदराच्या जरा पुढे. एवढा पंखा तिला द्याल ना?"

"वहिनी, पंखा तिकडेही मिळत असेल."

"मिळत असेल हो. पण हा तिचा आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून न्यायचा राहिला आणि त्यावरून आमचं बोलणं बंद आहे. तुम्ही नुसता ठेवून या. काही विचारलं तर मला माहीत नाही म्हणा."

दोन बहिणींचं तुटलेलं नातं जोडायची संधी कोण सोडेल? मी धाकट्या बहिणीचं गाव चौथा किनारा म्हणून लिहिलं. पंखा दारामागे ठेवला. सहा दिवस, तीन शहरं, चार किनारे. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं बायको स्वयंपाकघरातून म्हणाली; पण ती कुकरला म्हणाली की मला, हे कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

शाळेत भूगोलाच्या सरांना मी सहज कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि पहिला प्रश्न विचारला, "भरती-ओहोटीचं काय केलंत?"

"त्यांचं काय करायचं?"

"अहो, तुम्ही साडेचारला किनाऱ्यावर जाणार, आणि साडेचारला समुद्र आत गेलेला असला तर?"

भूगोलाचे सर एकतीस वर्षं भरती-ओहोटी शिकवतात. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही, पण त्याच्या जाण्यायेण्याच्या वेळा त्यांना पाठ आहेत. आम्ही मधल्या सुट्टीत बसून चारही किनारे समुद्राच्या सोयीने पुढेमागे केले. त्यात किल्ला सकाळी सहाला आला. वस्तुसंग्रहालय बंद असलेल्या दिवशी आलं. ते उघडं असलेल्या दिवशी नेलं, तर धाकटी बहीण सकाळी आणि दुपारी अशी दोनदा आली. मी हटलो नाही. असले पेच सोडवण्यातच माझी हयात गेली आहे. त्या संध्याकाळी मी सरळ शाळेचा आराखडा घेतला. आडव्या ओळीत दिवस, उभ्या रांगेत चाळीस मिनिटांचे तास, शहरं लाल शाईने, किनारे निळ्या शाईने. सगळं बसलं! फक्त बायकोचं ते पहिलं लहान गाव मधे राहिलं होतं. तिथे दोन दिवस निळ्या शाईने एवढंच लिहिलेलं होतं, 'काही नाही'. इतक्या भरगच्च कागदावर ती जागा डोळ्यांना खुपत होती, तरी मी तिला हात लावला नाही. हे माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

आमची कन्या कॉलेजात आहे. तिने आराखडा वरपासून खालपर्यंत बोट फिरवून वाचला.

"बाबा, यात बाथरूमला कधी जायचं?"

बाप काय काय सहन करतो! मी शांतपणे शेवटी एक रांग वाढवली, तिला 'इतर' असं नाव दिलं आणि रोज दहा मिनिटं धरली.

"तिघांना मिळून?"

दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं की परीक्षा जवळ आल्यामुळे ती मैत्रिणीकडे राहून अभ्यास करणार आहे. मुलीने अभ्यासासाठी सहल सोडावी, हा प्रसंग फार थोड्या बापांच्या वाट्याला येतो. मला आनंद व्हायला हवा होता.

मग रजा. आमच्या शाळेच्या कार्यालयात एक हेडक्लार्क आहेत. ते कोणतंही काम अडवत नाहीत, फक्त कागदाला विचारतात. रजेच्या अर्जात 'रजेच्या काळातील पत्ता' अशी एक ओळ आहे. मी तिथे 'सोबत जोडल्याप्रमाणे' लिहून आराखडा जोडला. हेडक्लार्कनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"सर, हे सात पत्ते आहेत."

"सात ठिकाणी जाणार म्हणजे सातच असणार."

"अर्जात ओळ एक आहे. एका ओळीत एक पत्ता. सात पत्त्यांना सात अर्ज लागतील."

मी सात अर्ज लिहिले. हेडक्लार्कनी त्यांची बेरीज केली. ज्या दिवशी सकाळी एक गाव आणि संध्याकाळी दुसरं होतं, तो दिवस दोन्ही अर्जांत आला होता. असे तीन दिवस. म्हणजे सहा दिवसांच्या सहलीला नऊ दिवसांची रजा लागत होती, आणि माझी शिल्लक होती सात.

"पण मी सहाच दिवस नसणार आहे," मी म्हणालो.

"नसाल हो. पण कागदावर नऊ दिवस नाही आहात."

गणिताच्या शिक्षकाला हे ऐकून घ्यावं लागलं. अडला हरी. मी विचारलं, आता काय करायचं? हेडक्लार्कनी सातही अर्ज पत्त्यांसारखे टेबलावर मांडले, आणि एकावर बोट ठेवलं.

"यात रजेचं कारण नीट नाही. इतर सगळीकडे आहे. वस्तुसंग्रहालय, किल्ला, पंखा. इथे लिहिलंय, काही नाही."

"तिथे काही करायचंच नाहीये."

"सर, काहीच करायचं नसेल तर त्यासाठी रजा कशाला? शाळेत या."

त्या लहान गावाचे दोन दिवस काढले की नऊचे बरोबर सात होत होते. मी मनात करून पाहिलं, कागदावर करून पाहिलं. सात! आता बावीस वर्षांच्या सवयीचा माणूस अशा वेळी काय करणार? बेरीज इतकी स्वच्छ सुटली की आपण काय काढतो आहोत याचा मला काही क्षण विसरच पडला. मी तो सातवा अर्ज स्वतःच्या हाताने फाडला आणि टोपलीत टाकला. हेडक्लार्क म्हणाले, "आता कसं देखणं दिसतंय." पाच दिवस, सहा ठिकाणं, एकही रिकामी चौकट नाही.

आनंदाच्या भरात मी आराखड्याची मोठी प्रत केली. पूर्ण चार्टपेपरवर. आणि दुकानात जाऊन तिला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचं आवरण चढवून घेतलं. "यात आता पाण्याचा थेंब शिरायचा नाही," दुकानदार म्हणाला. त्याच्या हमीचं महत्त्व मला पुढे कळलं.

रविवारी मी ती प्रत जेवणाच्या टेबलावर पसरली. बायकोने पुसलेले हात पुन्हा पुसले आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सगळं वाचलं. नंतर पर्समधून चष्म्याचं फडकं काढून काच पुसली आणि पुन्हा वाचलं.

"आणि समुद्र?"

"आहे ना! चार ठिकाणी... म्हणजे तीन ठिकाणी आहे. हा किल्ला समुद्रातच आहे."

"किल्ला नाही. बसायचा समुद्र."

मी बोट फिरवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी एका बंदरातून दुसऱ्या बंदराला जाताना बस किनाऱ्याच्या रस्त्याने जात होती. मी ते मुद्दाम वेगळ्या चौकटीत लिहिलं होतं. समुद्र, चार दहा ते चार बावीस. कंसात, डावीकडच्या खिडक्या.

"बसच्या खिडकीतून," ती म्हणाली.

"बारा मिनिटं आहेत. आणि आपण बसलेलेच असू."

तिने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "बरं."

संसारी माणसांना सांगायला नको की भांडण परवडतं, 'बरं' परवडत नाही. मी दिवसभर तिच्या मागेमागे फिरून वस्तुसंग्रहालयातल्या जुन्या घड्याळाबद्दल माहिती सांगितली. ती "हो का" म्हणाली. सोमवारी ती ऑफिसातून तासभर उशिरा आली. मी कारण विचारलं नाही, कारण मी त्या वेळी पंखा बसमध्ये मांडीवर घ्यावा की पायांशी, याचा विचार करत होतो.

मंगळवारी मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. गुरुवारी निघायचं होतं.

"सर, रजा मंजूर आहे. माझी काहीच हरकत नाही. फक्त तुमचे तास कोण घेणार तेवढं लिहून द्या."

यात काय अवघड? कोणी रजेवर गेलं की त्याचे तास मोकळ्या शिक्षकांना वाटून द्यायचे, हे काम माझंच. मी शिक्षकदालनात माझ्याच वेळापत्रकासमोर उभा राहिलो. गुरुवार, पहिला तास, सातवी. कोण मोकळं आहे? कोणीच नाही. दुसरा तास. कोणीच नाही. चित्रकलेच्या बाईंना चौथा तास मोकळा असायचा, पण दोन वर्षांपूर्वी तिथे मीच हस्ताक्षर सुधारणा घातली होती. खेळाच्या सरांना शेवटचा तास मोकळा होता, त्यात मी त्यांना ग्रंथालयात देखरेखीला बसवलं होतं. मी गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सोमवार सगळे उभे-आडवे तपासले. चार दिवसांत, एकतीस माणसांत, मला एकही मोकळा तास सापडला नाही. इतकं निर्दोष वेळापत्रक मी स्वतःसुद्धा कधी इतक्या बारकाईने पाहिलं नव्हतं.

मागे सगळे बसले होते. भूगोलाचे सर हळूच म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणायचात ना, मोकळा तास हवाच कशाला?" शिक्षकदालनात त्यानंतर जी शांतता पसरली ती सहानुभूतीची होती, असं मला म्हणवत नाही. चित्रकलेच्या बाईंनी तर डब्यातला लाडवाएवढा मोठा बिस्किटाचा तुकडा तोंडात कोंबला, तो हसू दाबायला.

मुख्याध्यापिका बाईंनी माझी रजा रद्द केली. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते आणि रविवारी नसते. तो दीड दिवस माझा मलाच होता, त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नव्हती.

मी घरी निघालो तो चेहरा पुरेसा दुःखी करून. सहल रद्द झाल्याचं बायकोला कसं सांगायचं, तिला वाईट वाटेल, मग मी तिची समजूत घालीन, मग ती माझी घालेल, असा सगळा क्रम मी रस्त्याने लावून ठेवला होता. दार उघडलं तर पलंगावर एक लहान बॅग, आणि ही तिच्यात दोन साड्या आणि एक टॉवेल ठेवत होती.

"सहल रद्द झाली," मी म्हणालो.

"तुमची?"

"म्हणजे... आपली."

"माझी नाही झाली." तिने पर्समधून एक कागद काढला. ती माझी पुरवणी. जाणे, समुद्र, समुद्र, येणे. घड्यांवर कागद मऊ पडला होता. "मी याच गावाला चाललेय. गुरुवारी सकाळी, थेट बसने. तिकीट सोमवारीच काढलं."

"सोमवारी? आणि तुझी रजा?"

"अर्ज केला. कारण, विश्रांती. साहेबांनी पाच मिनिटांत सही केली. म्हणाले, बाई, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मागताय."

"तिकीट... किती काढलीस?"

"एक."

"एकच?"

"तुमचा त्या वेळी वस्तुसंग्रहालयाचा तास होता ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तक्रार खिडकीवर ती लोकांना ज्या आवाजात सांगते की तुमच्या भागातली दुरुस्ती चालू आहे, तो आवाज होता.

गुरुवारी ती गेली. जाताना तिने तीच पुरवणी फ्रिजवर लावून ठेवली, उलटी. मागच्या बाजूला तिने माझ्यासाठी लिहिलं होतं. पहिला तास, दूध तापवणे. दुसरा तास, दुधाकडे बघत उभे राहणे. तिसरा तास नव्हता.

संध्याकाळी मी फोन केला. "काय केलंस आज?"

"काही नाही."

"आणि उद्या?"

"उद्याही तेच."

मागे लाटांचा आवाज येत होता. ती फोन ठेवायची घाई करत नव्हती, पण बोलतही नव्हती. मी फोन ठेवला आणि दुधाकडे बघत उभा राहिलो. मला वाईट वाटलं. हे विनोदाने सांगता येत नाही, म्हणून सरळ सांगतो. हिने माझ्याकडे आयुष्यात एक संध्याकाळ मागितली होती, तीही रिकामी, म्हणजे मला काहीसुद्धा करावं लागणार नव्हतं. आणि मी ती बेरीज जुळावी म्हणून टोपलीत टाकली होती.

शुक्रवारी जिन्यात तिथवरकाका भेटले. "सौभाग्यवती तिथवर गेल्याच आहेत तर," त्यांनी सुरुवात केली. मी "काका, दूध उतू जातंय" असं सांगून वर पळालो. दूध खरंच उतू जात होतं.

शनिवारी साडेअकराला शाळेची घंटा झाली आणि बाराच्या बसमध्ये मी बसलो. काखेत चार्टपेपरची गुंडाळी होती. ती का घेतली हे मला सांगता येणार नाही. वेळापत्रकाशिवाय मी शाळेचा जिनासुद्धा कधी उतरलेलो नाही. पंखा मात्र दारामागेच ठेवला. तो अजून तिथेच आहे आणि उन्हाळ्यात बरा वारा देतो. वहिनींचं आता आमच्याशीही बोलणं बंद आहे.

चार वाजायच्या सुमाराला बस किनाऱ्याच्या रस्त्याला लागली. हाच तो रस्ता, आणि मी डावीकडच्या खिडकीत होतो. घड्याळ लावून बसलो. समुद्र दिसला, तो आधी गोदामाच्या भिंतीआड गेला, मग झाडांआड गेला. पुन्हा दिसला तेव्हा पुढच्या सीटवरच्या गृहस्थाने ऊन लागतं म्हणून पडदा मागेपर्यंत ओढून घेतला. बारा मिनिटांतली साडेदहा मिनिटं मी त्या पडद्यावरची फुलं बघितली. पिवळी होती, पाच पाकळ्यांची. माझ्याही लक्षात ती आता राहणार.

साडेपाचला मी त्या लहान गावात उतरलो. किनारा शोधावा लागला नाही, रस्ताच तिथे संपत होता. ही ओल्या वाळूच्या कडेला हातात चपला घेऊन उभी होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. आनंद झाला असावा, पण तो तिने दाखवला नाही. तिचं बरोबर होतं.

"शाळा?"

"सुटली."

तिने काखेतल्या गुंडाळीकडे बघितलं. मी ती पाठीमागे न्यायचा प्रयत्न केला, पण तीन फुटी चार्टपेपर पाठीमागे लपत नाही.

"आणलंत ना? पसरा."

"अगं, आता ते कशाला..."

"वाळू ओली आहे. बसायला काहीतरी हवंच होतं."

मी आराखडा वाळूवर पसरला. दुकानदाराची हमी खरी निघाली, आत पाण्याचा थेंब शिरला नाही. ही पहिल्या दोन दिवसांवर ऐसपैस बसली, वस्तुसंग्रहालयापासून किल्ल्यापर्यंत. मला शेवटच्या दिवसाची 'इतर'ची रांग उरली. तिच्यावर मी अर्धा मावत होतो, अर्धा वाळूत होतो.

समोर समुद्र होता. तो येत होता आणि जात होता, आणि भूगोलाच्या सरांची त्यात काही भूमिका दिसत नव्हती. पाच मिनिटं गेली असतील.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे फक्त पाहिलं. ज्याने दिवसभर काहीच विचारलं नव्हतं अशा समुद्रापुढे पहिला प्रश्न मीच विचारला होता. मी घड्याळ काढून खिशात ठेवलं.

सूर्य खाली आला तसे किनाऱ्यावरचे लोक उठायला लागले. तेवढ्यात काठी टेकत एक वयस्कर गृहस्थ आमच्यापाशी येऊन थांबले. अंगात स्वेटर, डोक्यावर टोपी, डोळ्यांत परोपकार. प्रत्येक गावाला आपला एक तिथवरकाका असतो हे मला ठाऊक असायला हवं होतं.

"पाहुणे ना?" ते म्हणाले. "इथवर आलाच आहात तर ते दीपगृह बघून घ्या. समोरच आहे. वीस मिनिटांचं काम. रिकामेच बसलाय, म्हणून सांगतो."

मी दीपगृहाकडे बघितलं. खरंच वीस मिनिटांवर होतं. जाऊन, बघून, परत येऊन बरोबर एक तास भरला असता. माझा उजवा हात खिशातल्या घड्याळापर्यंत गेला. शेजारी हिने समुद्रावरून नजरही काढली नाही. पण तिचा श्वास थांबला होता, तो मला ऐकू आला.

"जमणार नाही हो," मी म्हणालो. "आमचा तास चालू आहे."

गृहस्थांना काही कळलं नाही. ते मान हलवत पुढच्या जोडप्याकडे गेले. ही जराशी उठली, आराखडा स्वतःखालून ओढला आणि दुसऱ्या दिवसाचं अख्खं शहर माझ्याकडे सरकवलं. मग आम्ही दोघंही नीट बसलो.